अंघोळ घातलेली गाडी

मोशीतले आमचे घरमालक नामदेवअण्णा दिसेल त्या वस्तूला अंघोळ घालतात. गॅसची टाकी, दाराचं कुलूप, माझं हेल्मेट. एकदा विजेच्या मीटरवर पाइप धरत होते. काकूंनी मागं ओढलं म्हणून वाचले. "अंगावर पानी पडल्याबिगर बरं वाटत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दावणीला बैल होते तेव्हाची सवय. आता शेतात इमारती उभ्या आहेत, पाइप मात्र हातातून सुटलेला नाही.

यंदा खंडेनवमीला सकाळी त्यांनी पूजेसाठी आपली जुनी कार धुतली, ती बोनेट उघडून, इंजिनासकट! चावी फिरवली तर गाडी हीव भरल्यासारखी थडथडायला लागली. आरशाला अडकवलेला झेंडूचा हार गळून पडला.

मी चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला, त्यामुळे गल्लीतले सगळे मिक्सर माझ्याच गळ्यात. त्यात ही गाडी.

"अहो अण्णा, इंजिनावर पाइप मारतं का कुणी?"

"मग बैल धुताना तोंड सोडतो व्हय आमी?"

कप्पाळ! तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेक होती, स्वाती. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून या घराची पायरी चढली नव्हती. आज लहानग्या मुलीला घेऊन येत होती, पण एका अटीवर: अण्णांनी स्वतः आकुर्डी स्टेशनवर न्यायला यायचं.

"अण्णा, आमची लोकल तळेगावला आलीय. निघालात ना?"

"निघालोच की," अण्णा म्हणाले आणि बोनेटकडे बघत राहिले.

"रिक्षा करा आणि जा ना!" मी ओरडलोच.

"अन् गाडी कुठंय म्हनली, तर? बंद पडली म्हनून सांगू?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिच्या लग्नाला गेलो न्हाई, राव. गाडी बंद पडलीया, म्हनून सांगितलं व्हतं. चालू व्हती गाडी. हितंच उभी व्हती."

मी बाह्या सरसावल्या. काकू उंबऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी एअर फिल्टर काढून बघितला. कोरडा. पाच मिनिटं फुकट गेली, स्वतःलाच शिव्या घातल्या. मग इंजिन चालू ठेवून प्लगला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलची पिन काढत गेलो. पहिली काढली, इंजिन आणखी धडधडलं. म्हणजे तो सिलिंडर शाबूत. दुसरी, तसंच. तिसरी काढली, आवाजात काडीचा फरक नाही. हाच मेलेला! इंजिन बंद करून कॉइल उपसली, तर खाली प्लगच्या खोल भोकात पाणी साचलेलं. फडकं आत जाईना, बोट पोचेना.

"काकू, कापूस आहे का? लांब काहीतरी हवं!"

काकू देवघरातून समईच्या लांब वातींचा पुडा घेऊन आल्या. पूजा अजून व्हायची होती.

"घ्या समद्या," त्या म्हणाल्या. "देवाला मी सांगते."

काकूंच्याच विणायच्या सुईनं एकेक वात आत सोडायची, भिजली की ओढायची. अण्णा पुढची वात धरून उभे. काकूंनी कॉइलचं रबर पदरानं कोरडं केलं. शेवटची वात सुकी वर आली तेव्हा कॉइल बसवली.

"मारा चावी."

गाडी थरथरली, दोनदा खोकली. मग आवाज एकसारखा झाला.

त्याच वेळी फोन वाजला. स्वाती आकुर्डीला उतरली होती. "अण्णा, अजून घरीच? खरं सांगा, गाडी बंद पडलीय ना?"

अण्णांनी फोन इंजिनाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"ऐक," ते म्हणाले. "चालू हाय, बाळा."



"ऐकू येतंय," स्वाती म्हणाली. "सावकाश या, अण्णा. आम्ही थांबतो."