घड्याळजींचा नमुना

घड्याळजींनी स्वतःचा कप वेगळा ठेवला, तेव्हाच घरावर अवकळा आली. त्यांच्या खालच्या ओठाच्या आत मोहरीएवढा मस आला होता. दातांच्या डॉक्टरांनी तो काढून औषधाच्या इवल्या बाटलीत घातला आणि म्हणाले, "विषाणूमुळे येतो असा. निरुपद्रवी दिसतोय, पण खात्रीसाठी तपासून घ्या. आमच्याकडे ती सोय नाही."

एवढ्या बोलण्यातला घड्याळजींनी फक्त 'विषाणू' ऐकला. नात रोज शाळेला निघताना गाल पुढे करायची, "आजोबा, पापी!" त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पोरीने गाल पुढे केलाच नाही. हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी दाढी करणंही सोडलं.

आता मस तपासणार कोण? कोपऱ्यावरची लॅब रक्त-लघवीवाली. "तोंडाचं आम्ही घेत नाही," तिथला माणूस म्हणाला आणि हात धुवायला गेला. दुसरीकडे तोंडाचं घेत होते, पण तपासणाऱ्या बाई रजेवर. तोवर बाटली घड्याळजींनी सवयीने दुकानातल्या फळीवर ठेवून दिली. शेवटी पुलापलीकडच्या लॅबचा नंबर मिळाला. घड्याळजींनी तो बायकोच्या हातात दिला आणि फोन तिने केला.

"नमुना आहे ना तुमच्याकडे?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"आहे की. हा काय, समोरच बसलाय."

"तसं नाही काकू, बाटलीत आहे का?"

"अगं बाई! आमचे हे जन्मात बाटलीला शिवले नाहीत!"

घड्याळजींना हसू आलं नाही. ते दुकानात गेले, फळीवरची बाटली उचलली आणि छातीशी धरून लॅबमध्ये पोचवून आले.

काही दिवसांनी त्याच मुलीचा फोन आला. "काका, नमुन्यात लोखंड निघालंय."

घड्याळजींनी जिभेने ओठ आतून चाचपला. उभा जन्म ओठांत स्क्रू धरून घड्याळं जुळवली, ते लोखंड शेवटी अंगात मुरलंच म्हणायचं! "मुळं खोल गेलीत का हो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मुळं नाहीत, काका. आटे आहेत. आणि पेट्रोलचा वास येतोय."

फोनला कान लावून उभ्या असलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. "एक स्क्रू ढिला आहे, हे लग्न झाल्यापासून सांगतेय मी! सापडला एकदाचा."

दुकानाच्या फळीवर तशाच इवल्या बाटल्यांची रांग होती. प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या घड्याळाचे स्क्रू पेट्रोलमध्ये भिजत पडलेले. त्यांच्यामागे मसाची बाटली बिचारी गप उभी होती. या वेळी बाटली बायको स्वतः घेऊन गेली; घड्याळजींना तिने हातसुद्धा लावू दिला नाही.

रिपोर्ट आला. मुलीने फोनवर वाचून दाखवला, "काकू, नमुना अगदी निरुपद्रवी आहे."

"ते मला विचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं," बायको म्हणाली आणि घाईघाईने डोळे पुसले.

दातांच्या डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. घड्याळजींनी कप पुन्हा सगळ्यांच्या कपांत ठेवला आणि दारात जाऊन उभे राहिले. दप्तर घेऊन नात आली, तसे ते गुडघ्यावर बसले.

"पापी?"

नातीने त्यांच्या गालावरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं.

"आधी दाढी करा. मग बघू."