सत्तारभाईंच्या डब्यातली खिचडी

सत्तारभाईंच्या खिचडीत एवढं मीठ असे, की तेवढ्या मिठात आमच्या घरचं वर्षभराचं लिंबाचं लोणचं मुरलं असतं. मी तिखटमीठ लावून बोलतो अशी आमच्या हिची कायमची तक्रार. पण या बाबतीत तिनेही मला कधी टोकलं नाही.

अमरावतीच्या राजापेठेत कूलर विकणारा हा धिप्पाड गृहस्थ. कुणाकडे आजारपण, मयत, काहीही वाईट घडलं, की याची स्कूटर दारात हजर. हँडलला स्टीलचा डबा. सांत्वनाचा एक शब्द नाही. थेट आत जाऊन ताटं आणायची, मांडी ठोकायची आणि हुकूम सोडायचा, "जेवा अगोदर. रडाले अख्खी दुपार पडली हाये!"

शेजारच्या वकीलसाहेबांची आई गेली तेव्हा त्यांनी तोंडच मिटलं होतं. सत्तारभाईंच्या खिचडीचा पहिला घास घेतला आणि ते कडाडले, "कोणी केली ही?"

"म्या केली. काहून?"

मग जी उलटतपासणी झाली, तशी कोर्टातही कधी झाली नसेल. शेवटी वकीलसाहेब स्वतः उठले, आईची फोडणी कशी असायची ते दाखवू लागले आणि दाखवता दाखवता हमसून रडले. सत्तारभाई मात्र ती खारट खिचडी बोटं चाटत संपवत होते.

हिचं ऑपरेशन अकोल्याला झालं, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दगड होऊन बसलो होतो. हा बहाद्दर भर उन्हात अमरावतीहून स्कूटर हाणत आला. एक घास खाल्ला आणि मी ओरडलो, "सत्तारभाई, ही खिचडी आहे की मिठाची बरणी?" बाकड्यावरचे सगळे हसले. पाठोपाठ मीही.

"बोलला बाप्पा! आपला भाऊ बोलला!" म्हणत त्यांनी मला आणखी वाढली.

मी थक्क झालो. दुःखाने गोठलेल्या माणसाला भांडायला लावण्यासाठी हा मुद्दाम मीठ ओततो! केवढी ही विद्या! अख्ख्या राजापेठेत मी तिची दवंडी पिटली.

या उन्हाळ्यात शमीमभाभी, सत्तारभाईंच्या पत्नी, गेल्या. त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून गल्लीतून डबे जाऊ लागले. पुलाव गेला, वरणभात गेला. त्यांनी एकाही डब्याचं झाकण उघडलं नाही. कुणाशी बोलले नाहीत. भिंतीकडे बघत बसलेला तो एवढा मोठा माणूस पाहून आमचा धीर सुटला.

शेवटी त्यांची विद्या त्यांच्यावरच चालवायचं मी ठरवलं. खिचडी टाकली, डोळे मिटून मूठभर मीठ ओतलं आणि वकीलसाहेबांना सोबत घेऊन गेलो.

हातापाया पडल्यावर त्यांनी एक घास घेतला. आम्ही शिव्यांची वाट पाहू लागलो. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा. ताट साफ झालं.

"अगदी शमीमच्या हातची झाली, भाऊ," ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी कसंबसं विचारलं, "पण तुम्ही तर दरवेळी 'म्या केली' म्हणायचे..."

"मंग काय तिचं नाव सांगू? शिव्या देत होते ना तुमी लोकं!" आणि ताट पुढे करत म्हणाले, "अजून हाये काय?"

मी वाढलं. वकीलसाहेबांनी थेट आत जाऊन आणखी दोन ताटं आणली.