मागच्या सीटविषयी मंडळाचं मत

एका जंगलात, बाळांनो, डांबरी रस्ता होता. तो कुणी केला हे विचारू नका. रस्ता होता, म्हणून जनावरांनी मोटरसायकली घेतल्या, आणि मोटरसायकली घेतल्या म्हणून त्यांना मतं आली.

त्या जंगलात हौसाक्का नावाची अस्वलीण राहायची. वडाखाली तिचं गॅरेज होतं. तिची एकुलती एक लेक बकुळा घाटापलीकडच्या रानात दिली होती. बकुळाला दिवस गेले. आता पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. अस्वलांतही ती आहे. लेकीला आणायला आईनं जायचं.

पण घाट लांबलचक. जाताना वाट अरुंद, काट्याकुट्यांची, तिथे सडी गाडी हवी. येताना लांबचा रुंद रस्ता, आणि मागे पोटुशी पोर. तिला टेकायला गादी हवी, वारा अडवायला काच हवी, कापडंचोपडं ठेवायला पेट्या हव्यात.

म्हणून हौसाक्कानं स्वतःच गाडी बनवली. एक खिट्टी ओढली की काच निघायची. दुसरी ओढली की दोन्ही बाजूंच्या पेट्या निघायच्या. मागची सीट तर पाठीसकट उचलून घरी ठेवता यायची. जाताना सडी, येताना भरलेली. एकाच गाडीत दोन गाड्या. मला तर फार आवडली होती. पण मला कोण विचारतं?

विचारायचं मंडळाला. त्या जंगलात नियमच होता की नवी गाडी घाटात सोडायची तर दुचाकीस्वार मंडळाचा बिल्ला लागतो. घाटाच्या तोंडाशी रानडुकराचा नाका होता. बिल्ला नाही तर परत फिरा.

मंडळाचे अध्यक्ष होते बिबटेसाहेब. त्यांना कातडी जाकीट विकत घ्यावं लागलं नव्हतं, तरी त्यांनी वरून एक घेतलं होतं. सचिव होते वानरराव. ते प्रत्येक गाडीवर बसून मोबाईलवर स्वतःचं चित्रण करायचे. आणि सल्लागार होते कासवतात्या. तात्यांना वेगाची आवड होती.

हे मंडळ दर रविवारी सकाळी गुडघ्याला ढाली बांधून निघायचं आणि पहिल्या वळणावरच्या हॉटेलात मिसळ खाऊन परत यायचं. बिबट्या मिसळ खातो का, असं विचारू नका. तर्री बघून त्यांचं समाधान व्हायचं.

मंडळाची मत देण्याची एक पद्धत होती. गाडी मेन स्टँडवर लावायची आणि तिच्यावर बसून मत द्यायचं. चालवायची नाही. कारण चालवली की जीव जडतो आणि जीव जडला की मत बिघडतं. एकदा एका सांबरानं गाडी चालवून मत दिलं होतं. त्याला मंडळातून काढून टाकलं.

हौसाक्का गाडी घेऊन आली. बिबटेसाहेब हात मागे बांधून गाडीभोवती फिरले.

"अक्का, पेट्या लावल्यावर ही रुखवतासारखी दिसते," ते म्हणाले.

"मग काढा की साहेब. खिट्टी हाय," असं म्हणून हौसाक्कानं पेट्या काढून दाखवल्या.

"आता दूधवाल्याची वाटते," वानरराव मोबाईलकडे बघत म्हणाले. "मित्रांनो, तुम्हाला काय वाटतं ते खाली नक्की लिहा."

कासवतात्यांनी मान बाहेर काढली. "ताशी किती पळते?"

"पोरगी पोटुशी हाय तात्या. पळवायची कशाला?"

"नका पळवू. पण आकडा पाहिजे. आकडा नसलेल्या गाडीवर मी काय मत देणार?"

हौसाक्कानं हात जोडले. "सायेब, सातवा लागलाय तिला. आता आणली तर बरं. मागनं अवघडती ती."

"येऊ द्या ना," बिबटेसाहेब प्रेमानं म्हणाले. "पुढच्या रविवारी बसू."

पुढच्या रविवारपर्यंत जंगलात दोन तट पडले. एक पेटीवाले, दुसरे बिनपेटीवाले. पेटीवाले म्हणत, लांबच्या प्रवासाची गाडी म्हणजे तिला पेटी असलीच पाहिजे. बिनपेटीवाले म्हणत, पेटीच लावायची तर टेम्पो घ्या. हौसाक्का दोघांना समजावत फिरली की बाबांनो, पाहिजे तेव्हा लावा, नको तेव्हा काढा. त्यावर दोन्ही तट एकदमच तिच्यावर चिडले. प्रश्न पेटी निघण्याचा नव्हता. प्रश्न तत्त्वाचा होता. एक ससा दोन्ही बाजूंनी बोलला, तेव्हापासून त्याला मिसळीच्या टेबलावर कुणी बसू देईना.

शेवटी मंडळानं तडजोड काढली. पेट्या राहतील, पण वेल्डिंग करून कायमच्या. म्हणजे पेटीवाले खूश. आणि त्यांची झाकणंही वेल्डिंग करून बंद, म्हणजे आत काही ठेवता येणार नाही आणि बिनपेटीवाल्यांचाही मान राहील.

हौसाक्कानं वेल्डिंग केलं. तिला वाटलं, एवढं केलं की सोडतील.

मग काचेचा विषय निघाला, आणि त्यात आणखी चार-पाच रविवार गेले. बिबटेसाहेबांना काच उंच हवी होती, कारण वाऱ्यानं मिशा विस्कटतात. वानररावांना ती ठेंगणी हवी होती, कारण चित्रणात चेहरा दिसत नाही. ठरलं की काच मधोमध कापायची. कापली. तिची कड नेमकी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आली. काचेवरून बघावं तर मान वर, काचेतून बघावं तर मान खाली.

"पण दोघांचंही ऐकलं गेलं, हे महत्त्वाचं," वानरराव म्हणाले.

तेवढ्यात घाटापलीकडून एक कावळा आला. वडावर बसून म्हणाला, "बकुळानं विचारलंय, आई निघाली का? आठवाही सरत आलाय. सासू म्हणते, माहेरचं कुणी येणार नसेल तर तसं सांगा."

"निघालेच म्हणावं," हौसाक्का म्हणाली. "फकस्त एक मत राहिलंय."

ती बिल्ल्याशिवायच नाक्यावर गेली. रानडुक्कर आडवं आलं. "अक्का, तुमचं खरं हाय," ते म्हणालं. "पण मलाबी पोरं हायत. नोकरी गेली तर चारू काय त्यांना?" ती परत फिरली.

मला इथे तिचा राग येतो, बाळांनो. एवढं थोरलं अस्वल. तिनं त्या डुकराला एका पंजात बाजूला सारलं असतं. पण ती गॅरेजात परत आली आणि राहिलेल्या मताची वाट बघत बसली.

राहिलं होतं मागच्या सीटचं मत.

"मागे बसतं कोण?" बिबटेसाहेबांनी विचारलं. मंडळात कुणाच्याच मागे कुणी बसत नव्हतं. "आमच्या मिसेसना तर धूळ सोसतच नाही," ते म्हणाले. त्यांच्या मिसेसना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या घरी गुहेपुढची धूळ झाडत असत.

"माझी पोर बसणार हाय," हौसाक्का म्हणाली.

"तिचं मत आपण घेऊ शकत नाही. ती गाडीवर बसून येणार, म्हणजे ती गाडी चालताना बसणार. नियमात बसत नाही."

"आणि गादी फार मऊ आहे," कासवतात्या म्हणाले. त्यांना मऊ पाठीचा अनुभव नव्हता. "मागचा झोपेल आणि पडेल. लोखंडी दांडी बसवा. धरायला बरी."

मग लक्षात आलं की दांडी आहेच तर तिला मंडळाचा झेंडा लावता येईल. आणि झेंडा लावला तर मागे बसणाऱ्याच्या तोंडावर फडफडेल. म्हणून मागे कुणी बसूच नये असं ठरलं. गादी काढून टाकली. हौसाक्कानंच काढली. काढताना तिनं ती नाकाशी धरली आणि मग कोपऱ्यात ठेवून दिली.

पुढच्या रविवारी बिल्ला मिळाला. वडाखाली मांडव घातला होता. गाडीला झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. बिबटेसाहेबांनी भाषण केलं. "अशी गाडी जंगलात झाली नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. वानरराव गाडीवर बसले. कासवतात्यांनी टाळ्या वाजवायला पाय बाहेर काढले.

हौसाक्कानं बिल्ला घेतला, गाडीला लावला आणि किक मारायला पाय उचलला.

तेव्हा घाटाच्या बाजूनं कुणीतरी चालत येताना दिसलं. सावकाश, थांबत थांबत. अंगावर चिखल वाळलेला. पाठीवर केसांना घट्ट धरून दोन पिल्लं होती, डोळे मिटलेली.

ती बकुळा होती.

"खिंडीत झाली," ती म्हणाली. "करवंदीच्या जाळीत. वारं लई होतं."

हौसाक्कानं दोन्ही पिल्लं हुंगली. एकाच्या कानामागचा चिखल चाटून काढला.

"तूच निघाली असशील वाटलं," बकुळा म्हणाली. "कावळ्यानं सांगितलं, आई निघाली. म्हटलं वाटेत गाठ पडंल. दर वळणावर बघायची."

"गाडी पास व्हायची हुती गं."

"गाडी कशाला पायजे हुती, आई? तू नुसती चालत आली असतीस तरी झालं असतं. हात धरायला."

हौसाक्का लेकीकडे बघत राहिली. मग कासवतात्यांनी मान पुढे केली.

"पोरी, घाट चढताना ताशी किती पडलं?"

बिबटेसाहेब तोवर हात मागे बांधून बकुळाभोवती फिरून आले होते. "दोघांची सोय छान आहे," ते म्हणाले. "पण मागून बघितलं तर जरा अवजड वाटतं."

वानररावांनी मोबाईल वर धरला होता.

हौसाक्कानं एक पिल्लू उचलून स्वतःच्या पाठीवर घेतलं. दुसरं बकुळाच्याच पाठीवर राहिलं. दोघी घराकडे गेल्या. गाडीकडे तिनं वळून पाहिलं नाही.

मंडळानं उरलेला कार्यक्रम पार पाडला. गाडी मेन स्टँडवरच होती, तेव्हा गैरसोय काहीच झाली नाही. दुपारी मिसळीवर सगळ्यांचं एकमत झालं की गाडी अप्रतिम आहे, पण मालकिणीला प्रवासाची आवड नाही.

तात्पर्य : गाडी कशी असावी, हे तिच्यावरून कुठेच न गेलेल्यांना नीट कळतं, कारण त्यांची नजर रस्त्यावर नसते, गाडीवर असते. जे निघायच्या घाईत असतात त्यांनी अशांचा वेळ घेऊ नये. तेव्हा बाळांनो, मोठे झालात की आधी सगळ्यांचं मत घ्या, मग निघा. तोवर ज्यांना आणायचं आहे ते चालत येतील.