भिंतीच्या रंगाची पाटी

शहराचं शहाणपण त्याच्या पाट्यांवरून ओळखावं. थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी आमची नगरपालिका शहाणी झाली. तोवर सगळ्या शहराला पाट्यांचा एकच नियम होता, म्हणजे निव्वळ अडाणीपणा. (मी पन्नाशीनंतर पाट्या वाचतच अक्षरं शिकलो, म्हणून अडाणीपणाबद्दल अधिकाराने बोलतो.)

नव्या धोरणानुसार प्रत्येक वस्तीला तिच्या स्वभावाप्रमाणे नियम मिळाला. बाजारात अक्षर वीतभर हवं. साहेब लोकांच्या वसाहतीत पाटीच नको, कारण तिथे ज्याला यायचं त्याला गाडी आणते. आमच्या गल्लीचा स्वभाव ठरवायला अकराजणांची समिती बसली. चहा येईपर्यंत सातजण उठून गेले. उरलेल्या चौघांनी एकमताने 'शांत' असं लिहिलं. शांत वस्तीत अक्षर बोटाच्या पेराएवढं आणि रंग भिंतीचा.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाई नगरपालिकेत गेल्या. मी सोबत होतो.

"दवाखान्याची पाटी तांबडीच राहू द्या. घाबरलेला माणूस रंग बघून येतो."

"बाई, शांत वस्तीत घाबरून कसं चालेल?" कारकून म्हणाला. "आणि तुम्हाला सूट दिली, की उद्या न्हावी मागेल."

"न्हाव्याकडे कुणी धापा टाकत येतं का?"

"तसा रकाना नाही आमच्याकडे."

पाटी रंगवायचं काम माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना मिळालं. जन्मभर पाट्याच रंगवलेला माणूस. त्यांनी भिंतीचा रंग असा जुळवला, की तपासनिसाला हात फिरवून पाटी शोधावी लागली. त्याने शेरा दिला: उत्कृष्ट.

पुढच्याच महिन्यात मेहुण्यांच्या छातीत कळ आली. जवळ दुसरा दवाखाना नव्हता. बहिणीने रिक्षा करून त्यांना आमच्या गल्लीत आणलं.

"अहो, कुठलं दार? पाटी तुम्हीच रंगवलीय ना?"

त्यांना बोलवत नव्हतं. रिक्षाने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी एका भिंतीकडे बोट केलं. ती न्हाव्याची निघाली. (मी चार घरं पलीकडे पेपर वाचत होतो. गल्ली शांत होती.)

चौकशी झाली. नियमात दोष आढळला नाही. मसुद्यावर हरकती मागवणारा कागद महिनाभर कोपऱ्यावरच्या फलकावर होता, आणि तुम्ही रोज तिथूनच जाता. मुदतीत एकही हरकत आली नाही. त्यामुळे सर्वांची संमती धरण्यात आली आहे. माझी आणि तुमचीही.

माझे मेहुणे, पाट्यांचे रंगारी, वय एकसष्ट, मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता रिक्षातच वारले.