एका नावाच्या दोन फायली

मोहितेजी टेस्ट चालवताना खुर्चीत बसत नाहीत. बटण दाबलं की उठतात, शर्ट खाली ओढतात, हात मागे बांधतात आणि स्क्रीनसमोर ताठ उभे राहतात. त्यांचे पणजोबा म्हणे इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या फाटकावर पहारेकरी होते. "पहारा बसून नाही होत, मॅडमजी," एवढंच त्यांचं म्हणणं. बाहेरगावचे साहेब ऑफिस बघायला आले की पन्नाशी उलटलेला हा माणूस सावधान उभा दिसायचा आणि लाजेनं माझी मान खाली जायची.

मी सांगलीची. नोकरीसाठी इंदूरला आले तेव्हा मोहितेजी माझ्या टीममध्ये होते, वयानं मोठे आणि हुद्द्यानं माझ्या हाताखाली. आमचं काम सांगायला सोपं आहे. प्रोग्रॅम अनेक फायलींत विखुरलेला असतो आणि आमचं टूल त्या फायली गोळा करून तयार माल बांधून देतं. एका फायलीत लिहिलेलं असतं, 'अमकी फाईल आत घे'. टूल ती शोधून आणतं. योग्य तीच आणतं ना, हे मोहितेजींनी तपासायचं.

दुसरा कुणी असता तर चाचणीच्या फायलींना एक, दोन, तीन म्हणून मोकळा झाला असता. मोहितेजी घरातली माणसं घ्यायचे. त्यांची 'ताई' फाईल 'जिजाजीं'ना आत बोलवायची, जिजाजी 'बापूसाहेबां'ना आणि बापूसाहेब परत ताईला. असल्या फेऱ्यात टूल गरगरत बसू नये, अशी त्यांची अपेक्षा. "त्यानं सरळ म्हणायला पाहिजे की भिया, हे लोक एकमेकांच्याच घरी जेवून राहिले." नसलेली फाईल मागितली तरी तसंच. "मामा आले नाहीत तर तोंडावर सांग की मामा नाही आले. चुपचाप पंगत नको वाढू." एकदा पुण्याच्या ग्राहकासमोर मोठ्या पडद्यावर 'मोठी मामी सापडली नाही' असं लाल अक्षरांत झळकलं. ग्राहकानं काळजीनं विचारलं, कुणाच्या मामी? मला धरणी दुभंगावी असं झालं. मोहितेजी मात्र शांत होते, कारण मामी खरंच नव्हती आणि टूलनं तसं सांगितलं होतं.

मग या उन्हाळ्यात खरी नाचक्की झाली. आमच्या एका ग्राहकाची शाळा आणि दुसऱ्याचा नमकीनचा कारखाना. दोघांचे फोल्डर वेगळे, पण नाव-पत्त्याच्या फाईलचं नाव दोन्हीकडे एकच. टूलला जी आधी सापडली ती त्यानं उचलली, तक्रार म्हणून केली नाही. शाळेच्या फीच्या पावत्या शेव-पापडीवाल्यांच्या नावानं पालकांच्या हातात पडल्या.

मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, एवढी साधी चाचणी कुणी केलीच नव्हती? मोहितेजी उठून उभे राहिले. "गलती माझी आहे," ते म्हणाले. "पर सर, एका घरात एका नावाचे दोन जण असतातच कसे?" ते अगदी मनापासून विचारत होते. सगळे हसले. मीही हसले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा ते हसू तोंडावर कुठं ठेवावं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मोहितेजी यायचे बंद झाले. फोन केला तर म्हणाले, "फाटकातून चोर गेला तर शिपायानं बिल्ला उतरवून ठेवायचा असतो." म्हणजे माणूस नोकरी सोडायच्या बेतात होता. शेवटी मी त्यांच्या 'जुनी इंदूर' भागातल्या घरी गेले.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला आणि त्या आत गेल्या. मी म्हटलं, "मोहितेजी, चूक सगळ्यांचीच आहे. ही एक चाचणी लिहून टाका, विषय संपला."

"त्या फाईलचं काही नाही हो," ते म्हणाले. "मला हे सुचलंच कसं नाही, ते शोधून राहिलो होतो. तर सापडलं. आमच्यात एका नावाचे दोन झाले की बाहेरून येणाऱ्याचं नाव बदलून टाकतात. आईसाहेबांचं नाव शालिनी. हिचंपण शालिनीच. मग लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीनं वृंदा लिहिलं. बस, झालं काम. हिला विचारलं नाही कुणी. मीपण नाही."

माझ्या लग्नातही नवं नाव मला विचारून काढलं होतं अशातला भाग नाही, पण मी निदान नको म्हणू शकले होते.

"आईसाहेब जाऊनही किती वर्षं झाली. मग परवा म्हटलं, आता तरी द्यावं हिचं हिला. इथंच बसलो होतो. हाक मारली, शालिनी. उत्तर नाही. परत मारली. घरातच होती, पर आली नाही. मला वाटलं, नाराज आहे. असणारच."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. काकू दारात आल्या, पदराला हात पुसत.

"नाराज कशाला होऊ?" त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं, यांना आईसाहेबांची याद येऊन राहिली. म्हटलं, माणूस आईला हाक मारून राहिला आहे, आपण कशाला मध्ये जायचं? थोडं रडू द्यावं एकट्याला."

मग त्यांनी विचारलं, चहात साखर बरोबर आहे ना, आणि उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या.

मोहितेजींनी हातातला कप खाली ठेवला. एवढी शरम मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही, आणि ती ऑफिसची नव्हती.

"उद्या येतो, मॅडमजी," ते हळूच म्हणाले. "पर ती एका नावाच्या दोघांची टेस्ट दुसऱ्या कुणाला द्या. माझ्यानं नाही होणार."