साडेतीन पृथ्व्यांचा अध्यक्ष

ज्युलीचा फॉर्म सगळ्यांत आधी आपल्याच घरचा भरायचा, हे एडवर्डने स्वतःहून ठरवलं. गावच्या चर्चमधल्या पर्यावरण समितीचा अध्यक्ष तो. ‘पृथ्वी एकच आहे’ हे त्याचं भाषण गावाने चार वेळा ऐकलेलं (त्यातल्या दोन वेळा उभ्याने). तेव्हा युवक मंडळातली त्याची लेक ज्युली घरोघरी वीज, पाणी, पेट्रोल आणि जेवणखाण विचारत फिरणार म्हटल्यावर पहिला मान अध्यक्षांचा.

ज्युलीने मोबाइलवर आकडे टाकले आणि सांगितलं, सगळं जग आपल्या घरासारखं वागलं तर साडेतीन पृथ्व्या लागतील. एडवर्डने आधी मोबाइलवर संशय घेतला, मग बायकोवर. पण मटिल्डा शाळेत शिकवायला सायकलने जाते, भाजी घरामागच्या वाडीतली खाते, खिडकी उघडी टाकून झोपते. एसी, गाडी आणि दिवसाआड मटण ही तिन्ही खाती अध्यक्षांकडेच निघाली.

आणि जूनच्या पहिल्या रविवारी, मेअखेर पुन्हा मोजलेले सगळ्या घरांचे आकडे चर्चच्या दाराशी फलकावर लागणार होते. आपला आकडा गावाने वाचला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, या विचाराने एडवर्डला खरोखरच घाम फुटला. त्याने एसीवर चादर टाकली, गाडीची किल्ली ज्युलीच्या हवाली केली आणि वाडीत निघेल तेच खायचं असं फर्मान काढलं.

वाडीत केळफूल निघालं. तिसऱ्या दिवशीही केळफूलच निघालं. तेव्हा एडवर्डला एकाएकी आठवलं, की शेजारच्या धाकट्या भावाची, कॉन्रॅडची, बऱ्याच दिवसांत विचारपूस केलेली नाही. (दोघे त्याच सकाळी विहिरीपाशी भेटले होते.)

कॉन्रॅडच्या हॉलमध्ये एसी. त्याची बायको शॅनन सुरमई तळत होती. दादा, दोन घास खाऊन जा, इतकंच ती म्हणाली आणि दादा जे बसले ते बसलेच. दुपारची झोप तिथे, मग रात्रीचीही. संध्याकाळी कॉन्रॅडच्या गाडीतून कळंबच्या किनाऱ्यावर हवा खायला. सकाळी मात्र एडवर्ड न चुकता घरी येऊन विजेचं मीटर बघायचा, आणि ते कसं सुस्तावलंय हे पाहून त्याचा ऊर भरून यायचा. आपण निसर्गाच्या मर्यादेत राहतोय, यावर बिचाऱ्याचा मनापासून विश्वास होता.

रविवारी मिस्सा संपल्यावर फलकाभोवती गर्दी झाली. पहिला क्रमांक, मटिल्डा आणि ज्युली. माणसं दोन, पृथ्वी पाऊण. एडवर्डने तीनदा वाचलं. मग शेवटच्या ओळीत कॉन्रॅडचं घर सापडलं. माणसं पाच, पृथ्व्या पावणेपाच. कॉन्रॅडच्या घरात तर चौघंच राहतात.

‘ज्युली, माझं नाव राहिलं.’

‘राहिलं नाही, पप्पा. माणूस जेवतो कुठे आणि झोपतो कुठे, असा प्रश्न होता. अंकलनी तुम्हाला त्यांच्यात लिहिलं.’

तो काही बोलणार तोच फादरांनी माइकवरून जाहीर केलं, की पहिल्या क्रमांकाचं बक्षीस पर्यावरण समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते दिलं जाईल. बक्षीस म्हणजे चिकूचं रोप. एडवर्डने ते उचललं आणि सगळ्या गावासमोर स्वतःच्याच बायकोच्या हातात ठेवलं. रिवाजाप्रमाणे पहिली टाळीही त्यालाच वाजवावी लागली.

मटिल्डाने रोप सांभाळून घेतलं, माइक चालू आहे याची खात्री केली आणि म्हणाली, ‘आभारी आहे, अध्यक्षसाहेब. वेळ मिळाला तर या एकदा आमच्या घरी.’