दीड मिलिमीटरची फट

महेंद्र सायकलवरून सासुरवाडीला निघाला आणि टेम्पोतून, दोन बोकडांच्या मध्ये बसून पोचला, ही गोष्ट चामटोलीत काही केल्या जुनी होत नव्हती. बदलापुरातल्या बेलवलीहून चामटोली फार लांब नाही. पण गावाआधीचा शेवटचा किलोमीटर खडीचा होता आणि महेंद्रच्या सायकलची चाकं बोटाएवढी बारीक. लागोपाठ दोन पंक्चर झाले. मागून बोकडांचा टेम्पो आला. थोरल्या जावयाचा मान त्या खडीतच सांडला.

आता मेहुणीचा, पायलचा साखरपुडा होता. होणारा धाकटा जावई प्रीतम स्वतःच्या गाडीतून येणार होता.

"आपण रिक्षाने जाऊ या ना," महेंद्रची बायको माया म्हणाली.

"मी सायकलनेच येणार. थेट दारापर्यंत."

"कोणी सांगितलंय एवढं?"

"मीच सांगितलंय. पप्पांना, फोनवर."

मायाने कपाळाला हात लावला. तिच्या वडलांना, बबनरावांना सांगितलं म्हणजे अख्ख्या गावाला सांगितलं, हे तिला वेगळं समजवायची गरज नव्हती.

महेंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. अर्ध्या मिलिमीटरसाठी गाडीभर माल परत पाठवणारा माणूस. अशा माणसाने खडीचा प्रश्न हातात घेतल्यावर तो सरळ सुटेल, ही आशाच नको. पंधरा दिवस त्याने मोबाइलवर परदेशी दाढीवाल्यांचे व्हिडिओ पाहिले. मग तो उल्हासनगरला हरेशभाईंच्या सायकलच्या दुकानात गेला.

"पंचवीस एमएमचे टायर आहेत ना तुमचे?" हरेशभाई म्हणाले. "अठ्ठावीसचे लावा, हवा थोडी कम ठेवा. बस, काम झालं."

"एवढंच?"

"एवढंच, साई."

इथे हरेशभाईंचं चुकलं. पंधरा दिवस अभ्यास केलेल्या माणसाला दोन वाक्यांत उत्तर द्यायचं नसतं. महेंद्रने हट्टाने बत्तीसचे, दातेरी टायर मागितले.

"फ्रेममध्ये जागा नाय राहणार, साहेब."

"मी मोजलंय," म्हणत महेंद्रने खिशातून माप घ्यायचा व्हर्निअर काढला. व्हर्निअर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाशी हरेशभाई वाद घालत नसत.

जुन्या अरुंद रिमवर बत्तीसचा टायर बल्बसारखा फुगला. म्हणून रुंद रिमची नवी चाकं आली. रुंद रिमवर टायर ऐसपैस पसरला आणि बत्तीसचा चौतीस झाला. मग ब्रेक चिकटले, तेव्हा महेंद्रने ब्रेकचे रबर कानशीने घासले. अखेर चाक फिरलं. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्हीकडे जेमतेम दीड-दीड मिलिमीटरची फट उरली होती. कारखान्यात असता तर त्याने हा जॉब लाल टॅग लावून परत पाठवला असता. घरी मात्र त्याने चाकाला टिचकी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "चालेल."

"आणि जुनी चाकं?" मायाने विचारलं.

"हरेशभाईंना देऊन टाकली. आता काय उपयोग त्यांचा?"

रविवारी माया सकाळीच रिक्षाने माहेरी गेली. महेंद्र दहाला निघाला. कुळगाव मागे पडलं. डांबरावर जाड टायर नुसते गुरगुरत होते आणि लोक वळून वळून बघत होते. खडीचं वळण आलं तसं त्याने दात आवळले, कोपरं वाकवली आणि सायकल घातली.

खडी नव्हतीच. समोर लालभडक मुरूम पसरलेला होता. ताजा, चोपून बसवलेला आणि पाणी मारून ओला केलेला.

वीसेक हात सायकल झोकात गेली. मग टायरच्या दात्यांनी मुरूम उचलला आणि नेऊन त्या दीड मिलिमीटरच्या फटीत ठासला. चाक जागच्या जागी थांबलं. महेंद्रने काडीने मुरूम कोरून काढला, पाच पावलं गेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने काडी फेकली आणि सायकल खांद्यावर घेतली.

एवढ्यात समोरून बबनराव आले. थोरल्या जावयाला सामोरं जायला ते आपली जुनी काळी सायकल घेऊन निघाले होते. सोबत आधीच पोचलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला प्रीतम होता.

"जय भीम, पाव्हनं! आवं, सायकल तुमच्यावर का बसलीय?"

"पप्पा... हा रस्ता कधी झाला?"

"आमीच केला. तुमी फोनवर बोललात, सायकलीवनंच येनार. मागल्या टायमाला खडीनं तुमची फजिती झाली, मला लय लागलं व्हतं. आठ दिवस मी नि तुमची सासू मुरूम टाकतोय. आज सकाळी पानी मारलं, धुरळा नको म्हनून." बबनरावांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला. "पन तुमची बारीक चाकं कुटंयत? माझी ही जुनी बी, बगा, सुरकन आली."

महेंद्रने सायकल खांद्यावरून उतरवली.

"तुमचं कामच तपासनीचं. खरं सांगा, कसा झालाय रस्ता?"

सासऱ्याच्या नखांत अजून मुरूम होता. महेंद्रला एकदम भरून आलं.

"रस्ता पास," तो म्हणाला. "माझाच माल रिजेक्ट आहे."

"मंग बसा मागं! दारापत्तुर सायकलीवनंच येनार म्हनला व्हता ना?"

अशा रीतीने थोरला जावई सासऱ्याच्या कॅरिअरवर बसून, सायकलवरूनच, थेट दारापर्यंत पोचला. सगळा मांडव बघायला बाहेर आला होता. पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे मागे बघत होते. तिथे धाकटा जावई, पांढऱ्या शर्टावर लाल चिखल घेऊन, महेंद्रची सायकल खांद्यावर वाहून आणत होता.